‘ब’ म्हणजे ‘ब’

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो. पण चष्मा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं माझ्याकडे काहीच नाही. काच नाही, नंबर नाही, ठेवायला डबीही नाही. माझं अंग पुठ्ठ्याचं, त्यावर कापड खणाचं आणि डोळे जिलेटिनच्या कागदाचे. त्यांतला एक लाल आणि एक निळा. एका डोळ्याला सगळं जग रागावलेलं दिसतं, दुसऱ्याला तेच जग थंडीनं काकडलेलं. दोघांचं आजवर एकमत झालेलं नाही. त्यामुळे मी जन्मापासून जरा गोंधळलेलाच असतो. तुम्ही मात्र गोंधळू नका. मी एका वेळी एकाच माणसाला आत घेईन.

पहिला मान शिवलीलाकाकूंचा, कारण मला घडवलं त्यांनी. बेंगळुरूच्या जयनगरात एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान दयानंदकाका राहत. दोघं मूळचे निपाणीचे. काका टेलिफोनच्या कारखान्यात नोकरीला म्हणून इथे आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण कारखान्यात सगळा कारभार कानडीत चालायचा, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा भाजीतल्या फोडींसारख्या एकत्र शिजलेल्या असत. कुठली फोड कुठली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे जो घोटाळा झाला त्याचं मूळ इथेच आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

काकूंचा हात कशिद्याचा. त्यांच्याकडच्या कशिद्याची एक खोड असते, मित्रांनो. धाग्याला गाठ मारायची नाही, आणि वरून जशी नक्षी दिसते तशीच ती उलट्या बाजूनेही दिसली पाहिजे. म्हणजे त्या कापडाला उलटी बाजूच नसते. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, काकूंच्या मांडीवर एक काळी इरकली साडी होती. भावाची मुलगी प्रमोदिनी हिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. तिच्या बारशालाच काकूंनी सांगून टाकलं होतं की हिच्या लग्नाची साडी मी भरणार, दुसऱ्या कुणी सुई लावायची नाही. पदरावर गोपुरं उभी राहिली होती, हत्ती चालू लागले होते, तुळशीवृंदावन अर्धं बांधून झालं होतं.

आता वरच्या मजल्यावर चला. तिथे अजित आणि श्वेता हे नवराबायको भाडेकरू होते. अजित नागपूरचा, श्वेता पुण्याची. दोघंही संगणकाच्या कंपनीत कामाला. अजितने एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवला होता. त्या यंत्राचा थाट काय सांगू! त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, आणि त्याला काकूंनी भरून दिलेलं पांघरूण होतं. माझ्या नशिबी तसलं पांघरूण कधी आलं नाही. असो.

दयानंदकाकांना निवृत्तीनंतर फोटोचा नाद लागला होता. वाचनालयात एका मासिकात त्यांनी उठावाच्या चित्रांबद्दल वाचलं. माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून थोडे दूर असतात, दोघांना थोडं वेगळं दिसतं, आणि त्या फरकातूनच जवळ काय नि लांब काय हे मेंदूला कळतं. तर मग एकाच गोष्टीचे दोन फोटो काढायचे, एक डावीकडून, एक थोडा उजवीकडून. संगणकात डावा फोटो लाल करायचा, उजवा निळा करायचा, आणि दोन्ही एकावर एक ठेवायचे. लाल-निळ्या चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला आपापलाच फोटो पोचतो आणि सपाट पडद्यावर खोली उभी राहते. ऐकायला सोपं आहे ना? मलाही तसंच वाटलं होतं.

चष्मा कुठून आणायचा असा प्रश्न आला तेव्हा काकूंनी शर्टाचं रिकामं खोकं काढलं. कागद जयनगरातल्याच एका दुकानातून आला, भेटवस्तू गुंडाळतात तो.

“लाल कुठल्या बाजूला, अजित?” कात्री हातात धरून काकूंनी विचारलं.

“डाव्या डोळ्याला, काकू.”

“घालणाऱ्याच्या डाव्या की बघणाऱ्याच्या?”

“घालणाऱ्याच्या. बघणाऱ्याला तर आपण कार्टूनच दिसून राहिलो.”

काकूंनी बरोबर तसंच केलं. पण सवय जाते कुठे! पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला खण चिकटवणं त्यांच्या हाताला मानवेना. त्यांनी खळ लावून दोन्ही बाजूंना तोच खण चिकटवला आणि काठाने लाल-निळा टाका घातला, दोन्हीकडून सारखा. म्हणजे मला पाठ आहे की पोट, हे फक्त माझ्या दांड्या कुठे वळतात त्यावरून कळायचं. मला स्वतःला ते अजूनही धड कळलेलं नाही.

पहिला फोटो काकूंचाच काढायचा ठरला. अंगणात तुळशीपुढे त्यांना साडी भरताना बसवलं. मागे भिंत, पुढे हातात सुई. काका समोर उभे राहिले. आधी डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग जागा न सोडता उजव्या पायावर झुकून दुसरा.

“हलू नकोस गं. हां… येड!” खट्. “आता… बल!” खट्. “सरी, ठीक झालं, पुढचा. येड! अगं, येड म्हटलं की हसतेस काय?”

वरच्या गॅलरीतून अजितने हे ऐकलं आणि आत जाऊन श्वेताला म्हणाला, “खाली काका काकूंना येडी म्हणून राहिले, बाप्पा! आणि काकू हसून राहिल्या.”

“लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चालत असेल,” श्वेता म्हणाली. “तू म्हणून बघ, मग मी हसते का ते सांगते.”

फोटो धुऊन आले. प्रत्येक जोडीतल्या एकाच फोटोमागे काकांनी पेन्सिलीने ‘ब’ लिहिलं. दुसरा कोरा ठेवला. दोन्हींवर कशाला लिहायचं, एक कळला की दुसरा आपोआप कळतो, असा त्यांचा काटकसरी हिशेब.

अजितने फोटो हातात घेऊन उलटे केले. “काका, हा ‘ब’ म्हणजे तेच ना?”

“तेच की! दुसरं काय असणार? ‘ब’ म्हणजे ‘ब’.”

“हां, मग बरोबर.”

मित्रांनो, या एवढ्याशा बोलण्याच्या वेळी मी तिथेच टेबलावर पडलो होतो. दोन शहाण्या माणसांनी इतक्या खात्रीने एकमेकांना होकार देताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग अजितने फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथे घातले. आत एक उजेडाची पट्टी पोटदुखी झाल्यासारखी कण्हत सरकली. पडद्यावर चित्र एकेक ओळ करत उतरू लागलं. तेवढ्यात वीज गेली. वीज आली, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. शेवटी एका रविवारी चित्र तयार झालं. तुळस, भिंत, काकू, सुई, सगळं लाल-निळ्या कडांनी थरथरत होतं, आणि घरातली सगळी माणसं मला नाकावर चढवायला रांगेत उभी राहिली.

माणसांना वाटतं, चष्मा फक्त समोर बघतो. तसं नसतं. मी मागेही बघतो, आणि मागे माणसाचे डोळे असतात, अगदी पापण्या लागतील इतक्या जवळ. जीभ काय म्हणते ते बाकीच्यांना ऐकू येतं. डोळे काय म्हणतात ते फक्त मला दिसतं.

अजितचं घामेजलेलं नाक आधी आलं. त्याचे डोळे पडद्यावर इकडून तिकडे पळाले, बारीक झाले, मोठे झाले, आणि काहीच न सापडून परत आले. जीभ म्हणाली, “वा काका! काय फोटो काढला तुम्ही! एकदम बाहेर!”

काकांनी मला स्वतःच्या चष्म्यावर चढवलं. त्यांचे डोळे तर गडबडून मिटलेच. जीभ म्हणाली, “लई खोल दिसतंय की! अजित, हुशार आहेस बाबा तू.”

श्वेता म्हणाली, “अमेझिंग आहे!” तिला कपाळ दुखायला लागलं होतं.

अजितने वाईट वाटू नये म्हणून काकांची तारीफ केली, काकांनी अजितची, आणि श्वेताने दोघांची. सगळ्यांच्या खात्यावर चांगुलपणा जमा झाला. खरं मात्र कुणाच्याच खात्यावर नव्हतं.

शेवटी मी काकूंच्या नाकावर आलो. त्यांची चमकी मला टोचली. त्यांचे डोळे शांतपणे पडद्यावर ठरले. सुईच्या नाकातून दोरा ओवणारे डोळे ते, धावाधाव त्यांच्या स्वभावात नव्हती. आणि मग ते हळूहळू विस्फारले. मला त्यांच्या बुबुळांत भीती दिसली.

भिंत पुढे आली होती. तुळस भिंतीच्या आत गेली होती. आणि त्या स्वतः भिंतीला पाडलेल्या भोकातून दिसाव्यात तशा खूप मागे बसल्या होत्या. हातातली सुई, जी सगळ्यांत पुढे असायला हवी होती, ती सगळ्यांत लांब, अगदी खोल विहिरीच्या तळाशी.

“सुई कशी पुढे आलीय ना, काकू?” अजितने उत्साहाने विचारलं.

“होय की,” काकू म्हणाल्या. “छान आलीय.” आणि मला उतरवून टेबलावर पालथं ठेवलं.

त्या दिवसापासून काकू बदलल्या. निपाणीला त्यांच्या आईची दृष्टी उतारवयात गेली होती, आणि त्याची सुरुवात अशीच झाली होती. आई तांब्या कट्ट्यावर ठेवायला जायची आणि तो कट्ट्याच्या अलीकडेच सुटून पडायचा. जवळचं लांब, लांबचं जवळ. घरची माणसं आधी हसायची. मग हसायची थांबली. काकूंनी ते सगळं पाहिलं होतं.

आता त्या स्वयंपाकघरात एक डोळा मिटून पेल्याला हात लावून बघत. कट्ट्यावर भांडं ठेवताना आधी बोटाने कडा चाचपत. सुईपुढे दोरा धरला की त्यांचा हात थांबायचा. दोरा जायचा खरा, अगदी पहिल्यासारखा जायचा, पण त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. चारचौघांना दिसतं आणि आपल्याला उलटं दिसतं, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

आणि मी? मला वाटलं, दोष माझाच. माझा लाल डोळा निळ्याला दूषणं देऊ लागला, निळा लालला. खरं सांगतो, माझा डावा नेमका कुठला, याचीच मला शंका येऊ लागली.

अर्धं वृंदावन अर्धंच राहिलं. एके दिवशी काकूंनी साडीची घडी घातली.

“काय झालं गं? भरत नाहीस?” काकांनी विचारलं.

“बोटं दुखतात.”

“दाखव बघू बोटं.”

काकूंनी बोटं दाखवली नाहीत. साडीच्या घडीवर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, मला आईसारखं व्हायला लागलंय.”

काकांनी पायांत चपला सरकवल्या. म्हणाले, “चल, आत्ता डॉक्टरांकडे जाऊया.”

“डॉक्टर काय सांगणार ते मला पाठ आहे. लग्न होऊ दे, मग सांगू देत. ही साडी धारवाडला गोजराबाईंकडे पाठवा. त्यांचा हात चांगला आहे. एक टाका वाकडा पडला तर पोरगी जन्मभर अंगावर वागवेल तो.”

“तू शब्द दिलायस तिला.”

“शब्द दिला तेव्हा डोळे होते,” काकू म्हणाल्या. काकांनी सुतळी शोधायला घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने पार्सल जायचं होतं.

साडी बांधायला काढली त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर माझ्यावर संकट कोसळलं. अजितच्या कंपनीतली मंडळी चित्रं बघायला येणार होती. नेमकी वीज गेली, आणि अंधारात श्वेताने तिची भलीमोठी पर्स बरोबर माझ्यावर ठेवली. माझी एक दांडी निखळली. अजित मला ओंजळीत घेऊन धावत खाली आला.

“काकू, एक टाका मारून द्या ना! लोक येऊन राहिले.”

“मला धड दिसत नाही रे.”

“इथे कुणालाच दिसत नाही, काकू. लाइट कुठे आहे?”

काकू पहिल्यांदाच थोडं हसल्या. अंधारातच त्यांनी मला मांडीवर घेतलं. बोटांनी चाचपलं. या बाजूला खण, त्या बाजूला खण, काठाचा टाका दोन्हीकडून सारखा. दांडी जागेवर धरून त्यांनी ती शिवली, आणि दुसरीही त्याच बाजूला वळवून घेतली. मित्रांनो, मी ओरडायचा प्रयत्न केला होता, पण पुठ्ठ्याचा आवाज तो किती! त्यांनी मला पाठीवर नव्हे, पोटावर दांड्या दिल्या होत्या. मी आरपार उलटा झालो होतो. लाल उजवीकडे आणि निळा डावीकडे.

वीज आली. अजित म्हणाला, “वर या ना काकू. नाकावर बसतो का बघून घ्या.”

काकूंना जायचं नव्हतं. पण दाराशी काका पार्सलवर सुतळी आवळत होते, ते त्यांनी पाहिलं. शेवटचं एकदा बघून घ्यावं, आणि मग मनातून सोडून द्यावं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. त्या जिना चढल्या.

पडद्यावर त्याच होत्या. तुळशीपुढे, मांडीवर साडी घेतलेल्या. काकूंनी मला नाकावर चढवलं. चमकी टोचली. डोळे ठरले.

आणि भिंत मागे गेली.

मी शपथेवर सांगतो, ती जाताना मला कळली. तुळस भिंतीतून बाहेर येऊन अंगणात उभी राहिली. काकू तिच्या पुढे येऊन बसल्या, गोल, भरीव, मांडी घातलेल्या. आणि सुई सगळ्यांच्या पुढे, पडद्याच्याही अलीकडे येऊन थांबली, दोऱ्यासकट. काकूंनी हात पुढे केला, अंगठा आणि बोट जुळवलं, अगदी सुई धरतात तसं. बोटं हवेत मिटली.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “आली बाहेर.”

“काय आलं?” अजितने विचारलं.

“सुई. आधी आत होती. भिंतीच्या पार मागे. आत्ता बाहेर आली.”

“आधी आत होती?” अजितने मला त्यांच्या नाकावरून जवळजवळ ओढूनच घेतलं. त्याच्या डोळ्यांत त्या दिवसानंतर पहिल्यांदा खरं काहीतरी उमटलेलं मी पाहिलं. “अरे बाप्पा! हे असं दिसते होय?”

पडद्यावरून सगळ्यांच्या माना अजितकडे वळल्या.

“म्हणजे?” श्वेता म्हणाली. “तू तर तेव्हा म्हणालास एकदम बाहेर!”

“तू अमेझिंग म्हणाली होतीस.”

“माझं तर कपाळ दुखत होतं!”

“थांबा,” काकू खाटेच्या कडेवर बसल्या. “तुम्हाला तेव्हा दिसत नव्हतं?”

“कुणालाच दिसत नव्हतं, काकू,” अजित कान पकडत म्हणाला. “आम्हाला नुसता चिवडा दिसून राहिला होता. उलटं का होईना, पण नीट दिसलं ते फक्त तुम्हाला.”

आवाज ऐकून काका सुतळीचं बंडल हातात घेऊनच वर आले. अजितने फोटो काढून पालथे मांडले. “काका, चष्मा उलटा झाला तर चित्र सरळ झालं. म्हणजे चित्रच उलटं होतं. हा ‘ब’ म्हणजे बायाँ ना? डावा?”

“बायाँ?” काका चकित झाले. “बायाँ कुठून आणलास? ‘ब’ म्हणजे बल. बल म्हणजे उजवा. कारखान्यात जन्मभर येड-बल, येड-बल करतच आलोय मी.”

“आमच्या नागपुरात ऑटोवाल्याला बाएँ घे असंच सांगतात,” अजित पुटपुटला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. “थांबा, थांबा. येड म्हणजे डावं?”

“मग दुसरं काय?”

“म्हणजे तुम्ही काकूंना येडी म्हणत नव्हता?”

यावर जे हसू फुटलं, त्यात काकूंचं सगळ्यांत उशिरा आलं आणि सगळ्यांत जास्त वेळ टिकलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांतलं किती पाणी हसण्याचं होतं आणि किती इतक्या दिवसांचं, ते मी टेबलावरून सांगू शकत नाही. नाकावर असतो तर सांगितलं असतं.

“अहो,” मग त्या एकदम उठल्या, “ती सुतळी सोडा आधी!”

पुढचा गोंधळ थोडक्यात सांगतो. अजितने संगणकात सगळ्या जोड्या उलटसुलट करून बरोबर केल्या. पण मी अजून उलटाच होतो, हे सगळे विसरले. कंपनीतली मंडळी आली, पहिल्याने मला घातलं आणि म्हणाला, “हे काय, काकू भिंतीत गेल्या!” या वेळी कुणी वा वा केलं नाही, हाच सगळ्यांत मोठा फायदा. काकूंनी माझ्या दांड्या पुन्हा दुसऱ्या बाजूला वळवल्या. इतक्यांदा वळून वळून त्या आता दोन्हीकडे जातात.

काकू डॉक्टरांकडेही जाऊन आल्या. जवळचा थोडा नंबर निघाला, बाकी डोळे ठणठणीत.

साडी वेळेवर पुरी झाली. पदराच्या टोकाला, हत्तींच्या रांगेमागे, काकूंनी एक छोटी नक्षी जास्तीची भरली. दोन चौकोन, एक लाल, एक निळा, मधे नाकासाठी कमान. निपाणीच्या मांडवात बायकांनी पदर हातात घेऊन पुष्कळ तर्क केले म्हणे. कुणी म्हणालं बैलगाडी, कुणी म्हणालं पाळणा. प्रमोदिनीने पदर उलटून पाहिला, तर पलीकडूनही तेच. काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही.

मित्रांनो, आता मी काकूंच्या दोऱ्यांच्या डब्यात असतो. अजित-श्वेता बेळ्ळंदूरकडे राहायला गेले, तो संगणक पांघरुणासकट गेला. माझा निळा कागद फिका पडलाय, लालला सुरकुती आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला तर त्याला ओल्या हाताने धरू नका, आणि कृपा करून त्याच्यावर पर्स ठेवू नका. आणि त्यातून काही उलटं दिसलं, तर वा वा म्हणू नका. दिसतं तसं सांगा. चारचौघांत एकट्याला वेगळं दिसलं, म्हणून लगेच आपल्या डोळ्यांवर रुसू नका. आधी चष्मा फिरवून बघा, आणि ‘ब’ म्हणजे काय ते पुरतं विचारा.

कधी कधी काकू दोरा शोधताना मला बाहेर काढतात, नाकावर चढवतात आणि खिडकीतून तुळशीकडे बघतात. चित्र नाही, संगणक नाही, नुसतं अंगण. एकदा सरळ घालून बघतात, एकदा उलटं. दोन्ही वेळा तुळस जिथल्या तिथेच असते. मग समाधानाने मला डब्यात ठेवतात, पाठीवर की पोटावर, ते मात्र त्यांनाही ठाऊक नसतं, आणि मलाही.